चपलांचा दहावा जोड

मी आयुष्यभर वस्तू टोचून पाहिल्या. पोट त्यावरच भरलं. हिऱ्याचं एक टोक असतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक. ते एखाद्या पदार्थाच्या पातळ थरावर अलगद टेकवायचं, हळूहळू जोर वाढवायचा आणि किती आत गेलं ते नोंदवायचं. मग जोर काढून घ्यायचा आणि थर किती उसळून वर आला तेही नोंदवायचं. पडलेला खळगा केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका असतो, त्यामुळे तो बघायला जाण्यात अर्थ नसतो. किती जोराला किती आत गेलं, एवढ्यावरूनच पदार्थ कठीण की मऊ, चिवट की ठिसूळ हे ठरवायचं. या कामासाठी मला परदेशांत बोलावलं गेलं, दोन-तीन शाली मिळाल्या आणि खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीत मला सगळे 'सुयांच्या मॅडम' म्हणून ओळखतात. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा गुडघ्यांसाठी वेळ मागितली होती. हे ते नव्हे, असं मी समजावून सांगितलं, तेव्हा मी भाव खाते असं त्यांचं मत झालं आणि ते आजही तसंच आहे.

या विषयाकडे कशा वळलात, असं कुणी विचारलं की सांगायला माझ्याकडे एक सुबक उत्तर आहे, आणि ते म्हणजे नाना. नाना माझ्या वडिलांचे वडील. रेल्वेच्या वर्कशॉपात त्यांची उमर चाकांवर हातोडी मारण्यात गेली. चाक खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत तडा आहे, असं ते काम. निवृत्त झाल्यावर हातोडी जमा करावी लागली, पण सवय कुणी जमा करून घेतली नाही. मग ते घरातल्या वस्तू बोटाच्या पेराने वाजवत. माठ, हंडा, नारळ, दाराची फळी, परीक्षेच्या आदल्या दिवशी माझं डोकं. कलिंगड वाजवून 'लालभडक आहे' असं ते ज्या आत्मविश्वासाने सांगत, त्याच आत्मविश्वासाने आतून पांढरं निघालेलं कलिंगड खात. लोकांना ही गोष्ट आवडते. नानांमुळे मला वस्तूंची गोडी लागली, हे खोटंही नाही. पण मोजमापाची चाड वाटू लागली ती नाना गेल्यावर, त्यांच्या चपलांपायी. ते मी कुठल्या मुलाखतीत सांगत नाही, कारण त्याला वेळ लागतो.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पनवेलला आमची एक आळी होती आणि एक मशीद होती. प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणत असू, त्यामुळे नवा पोस्टमन आला की पहिला महिनाभर आमची पत्रं दुसरीकडे जात. आळीतलं एखादं घर दर वर्षी कमी होई. थोरला मुलगा इस्रायलला जाई, मग आईबापांना बोलावून घेई, मग घराला कुलूप लागे आणि किल्ली दाऊदकाकांकडे येई. दाऊदकाका आमचे शेजारी आणि मशिदीचे मुकादम. त्यांच्या घरात खुंटीवर इतक्या किल्ल्या झाल्या होत्या की खिडकी उघडली की सगळ्या मिळून वाजत. काका कधी कुणाशी भांडले नाहीत, पण नियमाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

आमचं घर भाड्याचं, पुढे काटकोनात वळलेली पडवी, आत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर लोकांची बोलणी जोडून देत आणि घरी आल्यावर शब्द पैशाला एक असल्यासारखे बसत. जे बोलत ते ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांत मावे आणि वर एक मिनिट उरे. रागावत नसत, हसत नसत. मात्र एकदा काही बोलले की त्यात फरक नाही. मी लहान असताना 'पेरू कच्चा आहे, खाऊ नकोस' असं म्हणाले होते. तो पेरू पिकला, गळला आणि वाळला, पण मी तो खावा असं त्यांनी नंतर कधी म्हटलं नाही, आणि मीही खाल्ला नाही.

शुक्रवारची दुपार मात्र आईची. शनिवारी चूल पेटायची नाही, म्हणून दोन दिवसांचा स्वयंपाक संध्याकाळच्या आत व्हायला हवा. सकाळपासून नारळ खवायचा, दूध काढायचं, सांदणांचं पीठ फुगलं का ते बघायचं, सरबतासाठी काळ्या मनुका भिजवून कुस्करायच्या. इतर देशांतले ज्यू प्रार्थनेला द्राक्षांची दारू घेतात म्हणे. आमच्याकडे हे मनुकांचं सरबत, आणि त्याची मलाच इतकी चटक होती की आई पातेलं फळीवर ठेवी. मासळी घेऊन खाडीकाठच्या गावातून मंजुळामावशी यायची. आम्हाला खवलं असलेलीच मासळी चालते. कोलंबी, चिंबोरी वर्ज्य. मंजुळामावशीला हे कधीच पटलं नाही. "तुमच्या देवाला कोलबी चालत नाय, मंग त्यानं ती केलीच कशाला?" असं ती दर शुक्रवारी विचारायची. आई दर शुक्रवारी म्हणायची, "तुमच्यासाठी." आणि दोघी समाधानाने बोय निवडायला लागत.

कोलंबीवरूनच बाबांचं आणि मोझेसमामाचं फाटलं होतं. मोझेसमामा आईचा धाकटा भाऊ, तळोज्याच्या एका कारखान्यात कामगार पुढारी. देव मानत नसे, मालक मानत नसे, शनिवार मानत नसे. युनियनमधल्या एका आगरी मित्राच्या हळदीला त्याने कोलंबीचा रस्सा ओरपला, आणि ते त्याने स्वतःच बाबांना येऊन सांगितलं, वर "तुम्ही पण खाऊन बघा, भावजी" असं म्हणाला. बाबांनी उत्तर दिलं नाही. ते उत्तर न देणं पुढे चार वर्षं चाललं. मामा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहायचा आणि आई त्याला रस्त्यात भेटायची.

पावसाळा सरत आला तेव्हा नाना गेले. दुपारी पडवीत खुर्चीवर बसून सुपारी फोडत होते. अडकित्ता खाली पडल्याचा आवाज आला. इतकंच. मला त्यानंतर कित्येक दिवस घर बहिरं झाल्यासारखं वाटत होतं, कारण काही वाजतच नव्हतं. फार वाईट वाटत होतं, आणि ते कुणाला सांगावं असं घरात कुणी मोकळं नव्हतं.

आमच्यात बाप गेला की मुलाने अकरा महिने कद्दिश म्हणायची असते. ही मेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना, पण तिच्यात मरणाचा शब्द नाही, सगळी देवाची स्तुती. तिची अट एकच, की ती एकट्याने म्हणता येत नाही. म्हणणाऱ्यासकट तेरा वर्षं पुरी झालेले दहा पुरुष हवेत. नऊ असले तर घरी जावं. पनवेलला तेव्हा दहा भरायची मारामार होती, कारण आधीचे दहा जेमतेम होते आणि त्यांतले एक नाना. दाऊदकाकांचे इस्रायलला जायचे कागद तयार होते. मुलगा आणि नातू तिकडे होते, काकूही पुढे गेल्या होत्या. काकांनी जाणं लांबवलं. "तुझ्या बापाची कद्दिश पुरी करून जातो," असं बाबांना म्हणाले आणि तेव्हापासून आमच्याकडेच जेवू लागले. त्यात मशिदीचं छप्पर दुरुस्तीला उतरवलेलं, म्हणून शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ, दोन्ही वेळच्या प्रार्थना आमच्या पडवीत सुरू झाल्या. पुरुष पडवीत, बायका म्हणजे आई आणि मी मधल्या दाराआड. जिथे आमेन म्हणायचं तिथे आम्ही आतून म्हणत असू.

आता दहा माणसं हवीत, तर ती मोजायला हवीत, आणि आमच्यात माणसं मोजत नाहीत. एक, दोन, तीन असं बोट दाखवून माणसं मोजली की त्यांना दृष्ट लागते. कुठल्याशा राजाने मोजली आणि राज्यात पटकी आली, अशी गोष्ट दाऊदकाका सांगत. इतर ठिकाणी यावर वेगवेगळे तोडगे आहेत. कुठे दहा शब्दांचं एक वचन म्हणतात आणि माणसागणिक एक शब्द टाकत जातात. दाऊदकाकांचा तोडगा पनवेलचा होता. ते दाराशी उभे राहून चपलांचे जोड मोजत. चपला मोजू नयेत असं कुठे म्हटलेलं नाही. आईच्या आणि माझ्या चपला मागच्या दारी असत. दहा जोड झाले की काका आत येऊन "चला" म्हणत आणि प्रार्थना सुरू होई. पडवी वळलेली असल्याने आतून सगळे एका नजरेत दिसत नसत, आणि दिसले असते तरी कुणी मोजले नसते. नानांच्या खुर्चीवर कुणी बसत नसे.

दरम्यान मी बारावी झाले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मला धातुशास्त्राला जागा मिळाली. आळीतली मुलगी एकटी हॉस्टेलवर राहणार, हे आधी कधी घडलं नव्हतं. नाना असते तर त्यांनी कॉलेजची भिंत वाजवून पाहिली असती आणि बरी आहे म्हणाले असते. बाबा म्हणाले, "कद्दिश पुरी होईपर्यंत या घरातून कुणी हलणार नाही." मी हिशेब केला. कॉलेज उघडण्याच्या थोडं आधीच अकरा महिने भरत होते. मी आनंदाने एक पत्र्याची ट्रंक आणली आणि तिच्यात वह्या लावून ठेवल्या. बाबांनी ट्रंक पाहिली, पण नको म्हणाले नाहीत, आणि त्यांचं नको न म्हणणं म्हणजे हो, हे मला ठाऊक होतं.

महिने सरत आले. एका शुक्रवारी मंजुळामावशी पाटी उतरवून पायरीवर बसली आणि दाराकडे बघत म्हणाली, "म्हाताऱ्याच्या चपला अजून हितंच हाय? मी येतंय तवा मला वाटतं, म्हातारा आत बसलाय."

मी बघितलं. नानांच्या चपला उंबऱ्याच्या डाव्या अंगाला नेहमीच्या जागी होत्या. जाड, टायरच्या तळाच्या. खरं तर मेलेल्या माणसाचं पायताण आमच्यात ठेवत नाहीत. बाबांना वाटलं असावं आई टाकेल, आईला वाटलं असावं हे पुरुषांचं काम, आणि मला तर त्या तिथे असणं इतकं अंगवळणी पडलं होतं की दिसायच्याच बंद झाल्या होत्या. मी "हो" म्हणून आत गेले आणि नारळ खवायला बसले. अर्धी वाटी खवून झाली आणि माझा हात थांबला.

त्या संध्याकाळी कुणी यायच्या आधी मी दारात जाऊन पाहिलं. बाबा आत हातपाय धूत होते, त्यांच्या चपला दारात होत्या. शेजारी नानांच्या. मग माणसं आली, काकांनी जोड मोजले, "चला" म्हणाले. प्रार्थना चालू असताना मी मागच्या दाराने वळसा घालून पुढे आले आणि पुन्हा पाहिलं. दहा जोड होते. त्यांतला एक नानांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात दोन्ही वेळा पुन्हा तेच. कद्दिश नऊ माणसांत चालली होती, आणि ज्याच्यासाठी चालली होती त्यालाच दहावा धरला जात होता.

इथे जरा थांबून आजचं सांगते. मी आता निवृत्त आहे, पण खारघरच्या एका कॉलेजात आठवड्यातून एकदा मुलांना शिकवायला जाते. तिकडचं यंत्र हवेवर तरंगणाऱ्या टेबलावर ठेवलेलं आहे, कारण कुणी जोरात दार लावलं तरी आकडे हलतात. उलव्याकडे विमानतळासाठी टेकडी फोडत होते तेव्हा सुरुंगाची वेळ विचारून आम्ही प्रयोग लावायचो. मुलं हुशार आहेत. पण सुई किती आत गेली हे सांगताना दर वर्षी कुणीतरी विसरतंच, की जोर दिला की नुसता पदार्थ दबत नाही, यंत्राचा सांगाडाही किंचित वाकतो, आणि तेही त्या आकड्यात येतं. ते आधी वजा केलं नाही तर पोलाद लोण्यासारखं निघतं. मी त्यांना फळ्यावर समीकरण लिहून देते. दारात आधीपासून काय होतं ते बघा, असं म्हणायचं तोंडावर येतं, पण मुलं माझ्याकडे वेड्यासारखी बघतील.

तर मला कळलं होतं आणि पुढचंही दिसत होतं. मी सांगितलं तर बाबा झालेलं सगळं बाद करतील आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील. दुसरं काही करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मग पुन्हा अकरा महिने, आणि तोवर घरातून कुणी हलणार नाही. पुण्याची जागा कुणी वर्षभर राखून ठेवत नसतं. न सांगावं तर तीन-चार आठवड्यांत सगळं आपोआप सुरळीत पार पडणार होतं. नाना काही तक्रार करायला येणार नव्हते. मला न सांगायचंच होतं. सांगितलं ते काही धीटपणाने नव्हे. चुकलेली बेरीज समोर बसून जेवत होती आणि माझ्याच्याने भात गिळवेना.

शनिवारची दुपार होती. बाकी माणसं गेली होती, बाबा आणि दाऊदकाका पाटावर बसले होते, आई वाढत होती.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही चपला मोजता त्यात नानांच्या पण येतात का?"

"नानांच्या कशा येतील?" काका म्हणाले.

"दारातच असतात. आताही आहेत."

काका उष्ट्या हाताने उठले आणि दारात गेले. तिथे तीनच जोड होते. त्यांचा, बाबांचा आणि तो. बराच वेळ ते वाकून बघत राहिले. परत आले तेव्हा दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. "मला तो बेंजामिनचा वाटायचा," एवढंच म्हणाले. बेंजामिन पडवीत येणाऱ्या नवांतलाच एक.

बाबांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "तू किती वेळा पाहिलंस?"

"चार."

"चारही वेळा तसंच?"

"चारही वेळा. माणसं यायच्या आधी आणि नंतर, दोन्ही."

त्यांनी मान हलवली. मला उलटं विचारलं नाही, खोटं पाडलं नाही, मुलीच्या जातीने मध्ये बोलू नये असंही म्हणाले नाहीत. माझ्या शब्दावर आपल्या बापाची वर्षभराची कद्दिश त्यांनी मोडीत काढली. "पहिल्यापासून," ते म्हणाले.

"अरे, सगळंच कशाला?" काका घाईने म्हणाले. "सणाला पेणची मंडळी आली होती. तो शनिवार धरता येईल. मध्ये अलिबागचा जावई आला होता—"

"पहिल्यापासून, दाऊदभाऊ. तुम्ही जा. तुमची माणसं वाट बघताहेत."

काका पानाकडे बघत राहिले. "विमान काय," मग म्हणाले, "पुढच्या वर्षी पण उडेल." ते जेवले मात्र नाहीत.

मी ट्रंकेचा विचार करत होते. तेवढ्यात आईने आमटीचं पातेलं जमिनीवर ठेवलं. आपटलं नाही, नुसतं ठेवलं, पण आम्ही तिघांनी तिकडे पाहिलं.

"त्या चपला मी ठेवत होते," ती म्हणाली. "टाकायचं काम तुमचं होतं. तुम्ही टाकल्या नाहीत. मग मी रोज केर काढताना उचलायची आणि पुसून पुन्हा तिथेच ठेवायची. मला वाटायचं, ज्यांच्यासाठी एवढं म्हणता ते येऊन ऐकत असतील."

"वहिनी," काका हळू म्हणाले, "मेलेला माणूस दहात धरत नाहीत."

"आणि जिवंत बाई?"

तिने मधल्या दाराकडे बोट दाखवलं.

"मी आणि एस्तू वर्षभर त्या दाराआड आमेन म्हणतोय. तुमच्यातल्या दोघांना तर ते कुठे म्हणायचं हे पण कळत नाही, आमचं ऐकून म्हणतात. मेलेला चालत नाही, बाई चालत नाही. मग दहावा कुठे मिळतो ते सांगा, मी जाऊन घेऊन येते."

आईने पदर खोचला, चपला घातल्या आणि ती बाहेर पडली. मी खिडकीतून पाहिलं. ती मोझेसमामाच्या घराकडे वळली.

तासाभराने ती मामाला घेऊन आली. मामा पायरीखालीच उभा राहिला. चार वर्षांत तो आमच्या पायरीजवळ आला नव्हता. बाबा पडवीत, तो अंगणात, आणि दोघांच्या मध्ये दाऊदकाका.

"मी देव मानत नाही," मामाने काकांना सांगितलं.

"ती अट नाही," काका म्हणाले.

"कोलंबी खातो. परवाच खाल्ली."

"ती पण अट नाही."

"मग अट काय आहे?"

"तेरा वर्षं पुरी हवीत आणि बसायला हवं."

मामाने थोडा विचार केला. त्याला बहुधा यात कुठेतरी वाद घालायला जागा हवी होती आणि ती मिळत नव्हती. "बसतो," तो म्हणाला. मग पहिल्यांदा बाबांकडे बघून म्हणाला, "पण भावजी, पोरीचं वर्ष जाईल." मामा दोन पावलं गेला, परत आला, "खरं बोलली म्हणून जाईल," असं म्हणाला आणि गेला.

तो आठवडा मला चांगला आठवतो, कारण मी सगळ्यांवर चिडले होते. बाबांवर, नानांवर, मंजुळामावशीवर, स्वतःच्या डोळ्यांवर. ट्रंकेतल्या वह्या मी काढून ठेवल्या, आणि रिकामं भांडं घरात सहन न होणाऱ्या आईने तिच्यात कांदे भरले. बाबा कामावर जात, येत, आणि पडवीत नानांच्या खुर्चीसमोर बसत. एका संध्याकाळी उठले, नानांच्या चपला एका धुतल्या पंच्यात गुंडाळल्या आणि खाडीकडे चालत गेले. अंधार पडायच्या सुमारास रिकाम्या हाताने परत आले. पंचा पण आणला नव्हता. आईने तो पहिल्यांदाच मागितला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी माणसं जमली. दाऊदकाका दाराशी उभे होते. सगळ्यांत शेवटी मामा आला, इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत वर्तमानपत्र. टोपी नव्हती म्हणून काकांनी त्याच्या डोक्यावर स्वतःचा रुमाल टाकला. तो पडवीच्या वळणावर भिंतीला टेकून बसला आणि त्याने वर्तमानपत्र उघडलं. काका आत आले आणि "चला" म्हणाले.

वर्षभर बाबा कद्दिश म्हणत ती नंबर सांगितल्यासारखी, एका सुरात, न अडखळता. त्या दिवशी पहिल्याच ओळीला ते थांबले. आम्ही दाराआड उभ्या होतो. इतका वेळ गेला की मला वाटलं त्यांना शब्दच आठवत नाहीत. मग कळलं की ते रडताहेत. बापाला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि बाबा आता रडत होते. कुणी त्यांना घाई केली नाही. मामाने वर्तमानपत्राची घडी घातली. मग बाबांनी पुन्हा सुरुवात केली आणि शेवटपर्यंत म्हटली. आमेन म्हणायच्या जागी मी आणि आई म्हणालो, आणि मला एक नवा आवाज ऐकू आला, जरासा उशिरा आलेला. मामा आमचं ऐकून म्हणत होता.

सगळे गेल्यावर बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ते तिथे येत नसत.

"तिची ट्रंक कुठे आहे?"

"कांदे आहेत तिच्यात," आई म्हणाली.

"उद्या शनिवार सरला की काढ."

मग ते माझ्याकडे वळले आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं एवढं लांब बोलले. "कद्दिशला दहा लागतात. ते आता झाले. कुणी हलायचं नाही असं मी म्हटलं, ते दहा भरावेत म्हणून म्हटलं. दाऊदभाऊ गेले तर मोडतील. मी गेलो तर मोडतील. तू त्या दहात कधी नव्हतीस. आताही नाहीस." इथे ते जरा थांबले. "मग तुला थांबवायला मला काय कारण?"

मला राग यायला हवा होता. आईला आला होता, तिने कढई घासायला घेतली त्यावरून कळलं. पण बाबांचा चेहरा मी पाहिला होता. दिलेला शब्द मोडणं त्यांना येत नव्हतं आणि नियम वाकवणंही येत नव्हतं. म्हणून आठवडाभर त्या खुर्चीसमोर बसून त्यांनी तोच नियम आतून बाहेरून धुंडाळला होता आणि मला निघता येईल एवढी फट शोधून काढली होती. पुढे माझ्या कामात मला पुष्कळ जणांनी पुष्कळ ठिकाणी धरलं नाही, समित्यांत, सत्कारांत, एकदा तर माझ्याच प्रयोगावरच्या लेखात. त्या सगळ्यांची मला चीड आली आणि ती मी बोलूनही दाखवली. पण इतक्या मायेने मला पुन्हा कुणी वगळलं नाही.